न सांडलेलं पाणी

बालमंदिरातून पालकांना बोलावणं आलं तेव्हा मी साडेचार वर्षांची होते. त्यामुळे इथं सांगते आहे त्यातलं थोडं मला आठवतं, बरंचसं आईनं नंतर सांगितलं, आणि काही बालमंदिरातल्या माझ्या जोडीदारणीनं, सोजरनं. सोजरनं सांगितलं तेव्हा आम्हा दोघींना नातवंडं झाली होती. सांगताना ती हसत होती. मला हसता येत नव्हतं.

साल एकोणीसशे पस्तीस. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती आणि माझ्या लाकडी बैलाचं एक शिंग तेवढ्यातच मोडलं होतं. तीस साली गावात मार्शल लॉ लागला तेव्हा अप्पांची, माझ्या वडिलांची, हायस्कुलातली नोकरी राजकारणापायी जाता जाता राहिली. तेव्हापासून अप्पांनी राजकारणाचं नाव सोडलं होतं आणि सगळा उत्साह समाजसुधारणेवर आणला होता. त्या उत्साहात मी बालमंदिरात गेले.

"सहा महिने झाले पोर तिथं जाते," आत्या म्हणाली. आत्या म्हणजे आजोबांची बहीण, मथुराबाई. नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाकघर तिचं आणि त्यातला शब्दही तिचाच. "काय शिकली? केर काढायला. त्याला शाळा कशाला लागते, गोपाळ? मी घरी शिकवलं असतं."

"तू शिकवलं असतंस, पण रडवून," आजोबा झोपाळ्यावरून म्हणाले.

"रडल्याशिवाय कोण शिकलंय?"

अप्पा हसले. "आत्या, तिथं मारत नाहीत, ओरडत नाहीत. मूल स्वतःच्या हातानं करतं आणि त्यातून शिकतं. युरोपात सगळीकडं ही पद्धत चाललीय."

"युरोपात गवऱ्या थापतात का रे?"

आजोबा, यज्ञेश्वरपंत, कचेरीत तीस वर्षं अव्वल कारकून होते. कुठलंही प्रकरण एका बैठकीत निकाली काढायचं नाही, ही त्यांची सवय घरीही होती. ते म्हणाले, "रविवारी दोघं जाऊन या. पोर काय करते ते बघा. बरं वाटलं तर राहू दे, नाहीतर चैत्रापासून बंद."

आई दाराआड उभी होती. सगळ्यात जास्त धास्ती तिलाच होती. तिचं नाव यशोदा. तिची शाळा दुसऱ्या यत्तेत सुटली होती. मला न्यायला ती दुपारी घटकाभर लवकर यायची आणि बालमंदिराच्या खिडकीशी उभी राहायची. तिथं खरखरीत कागदाची मोठी अक्षरं पाटीवर चिकटवलेली होती. मुलांनी त्यांवरून बोट फिरवायचं. आई घरी आली की पोळपाटावरच्या पिठात बोटानं तीच अक्षरं काढायची आणि आत्याची चाहूल लागली की पुसायची. बालमंदिर माझं होतं, पण खिडकी तिची होती.

नव्या पेठेच्या मागं एका कापूसवाल्याच्या रिकाम्या वखारीत ते बालमंदिर भरायचं. चालवायच्या दुर्गाताई. पांढरं पातळ, पायात चपला, आणि आवाज इतका हळू की मुलांना गप्प बसूनच ऐकावं लागे. पाणी देणं हा त्यांच्याकडचा एक खेळच होता. लहान तांब्या, पितळी पेले, आणि नियम एकच. "पाणी द्यायच्या आधी माणसाकडं बघायचं. त्याला कसं हवं ते ओळखायचं. मग द्यायचं."

मला ते फार पटलं होतं. आमच्या घरात प्रत्येकाचं पाणी वेगळं होतं. आजोबांना चांदीच्या फुलपात्रातून लागे. अप्पा तांब्या तोंडाला न लावता वरून पीत. आत्याच्या सोवळ्याच्या कळशीला तर हातच लावायचा नाही. हे सगळं मला पाठ होतं. फक्त ओतताना माझा हात डुगडुगायचा. रोज पेल्याभोवती तळं व्हायचं, आणि दुर्गाताई काही न बोलता फडकं पुढं करायच्या.

रविवारी सकाळी पालक आले. भिंतीकडेनं सतरंज्या होत्या. कोट-पगड्यांतले पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या. दुर्गाताईंनी आधीच सांगितलं, "मुलांना हाक मारू नका. मदत करू नका. शाबासकीही देऊ नका. फक्त बघा."

"हे सगळ्यात अवघड आहे," एक वकील अप्पांच्या कानात म्हणाले. "कोर्टातसुद्धा इतका वेळ गप्प बसत नाही आम्ही."

अप्पा खुशीत होते. त्याला एक कारण होतं. दिवाळीआधी सोजरच्या प्रवेशावरून पालकांची सभा झाली होती. सोजर मिलच्या पलीकडच्या अस्पृश्यांच्या वस्तीतली. आई मिलमध्ये रिळांच्या खात्यात, बाप नव्हता, सांभाळायची आजी. दुर्गाताईंनी तिला घेतलं तेव्हा दोघा-तिघांनी आपली मुलं काढण्याची भाषा केली. त्या सभेत अप्पा उठून बोलले होते, "मुलाला जात नसते. आपण ती त्याच्या हातात देतो." हे वाक्य गावात फिरलं. सोजर राहिली. वाचनालयानं अप्पांचं याच विषयावर व्याख्यान ठेवलं, ते पुढच्याच आठवड्यात होतं.

आईचं लक्ष मात्र दाराकडं गेलं होतं. सतरंजी संपते तिथं, उंबऱ्याजवळच्या उघड्या फरशीवर, केराबाई बसली होती. आमच्या परसात गवऱ्या घालणारी केराबाई. सोजर तिची नात हे आईला माहीत होतं. पण केराबाई इथं, धुवट लुगडं नेसून, पालक म्हणून बसलेली बघायची तिच्या डोळ्यांना सवय नव्हती. दुर्गाताई दोनदा जाऊन म्हणाल्या, "आजी, वर सतरंजीवर बसा." केराबाई दोन्ही वेळा म्हणाली, "हितंच बरं हाय ताई. वारा येतोय."

आईची आणि तिची नजर भेटली. आई अर्धवट हसली आणि मग मान वळवून खाचांत लाकडी दट्टे बसवायच्या पेटीशी खेळणाऱ्या मुलांकडं बघू लागली. हे तिनंच मला सांगितलं. "नमस्कार करायचा की नाही ते कळेना, म्हणून बघितलंच नाही," म्हणाली.

मग पाणी आलं. त्या दिवशी पाणी द्यायची पाळी माझी आणि सोजरची होती. सोजरच्या हातात पेल्यांचं तबक, माझ्या हातात तांब्या. पाहुण्यापुढं उभं राहायचं, मी पेला भरायचा, सोजरनं द्यायचा.

सोजरच्या हातून पेला घ्यायची वेळ आली तशी सतरंजीवर चुळबुळ सुरू झाली. वकील म्हणाले, "नको बाळ, आत्ताच चहा झाला." त्यांच्या बायकोला अचानक उपास आठवला. एक डॉक्टर प्यायले. अप्पांनी पेला घेतला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला आणि एका दमात रिकामा केला. आईनं घेतला, ओठांना लावला आणि भरलेलाच मागं भिंतीशी ठेवला.

शेवटी आम्ही दाराशी आलो. सोजर आजीला बघून फुलली होती. तिनं तबकातला एक पेला वेगळा काढून ठेवला होता, सगळ्यात चकचकीत. तो तिनं माझ्यापुढं धरला, भरून दे म्हणून.

मी केराबाईकडं बघितलं. तिला कसं हवं ते मला माहीत होतं. मी सोजरचा पेला बाजूला केला. डाव्या हातानं फ्रॉकचा घोळ गोळा करून अंगाशी धरला, एक पाऊल मागं सरले, तांब्या कपाळापर्यंत उचलला आणि थांबले.

केराबाईनं वाकून ओंजळ पुढं केली.

सोजरनं म्हातारपणी सांगितलं, आजी मरेपर्यंत तिला एवढंच म्हणायची: "हात आपोआप झालं गं. मला कळायच्या आत झालं." तिच्या मनात त्या सकाळी एकच गोष्ट होती, नातीच्या हातचा पेला. तो पेला समोर होता. आणि तिचे हात जुळून गेले होते.

मी धार धरली. बारीक, सरळ, सलग. ओंजळ भरली की थांबवली, रिकामी झाली की पुन्हा धरली. एक थेंब बाहेर गेला नाही. सगळी वखार गप्प होती. मला वाटलं माझं फार छान चाललं आहे.

आईनं माझा डावा हात बघितला. फ्रॉकचा घोळ असा धरायची गरज नव्हती. फ्रॉक गुडघ्यापर्यंतच होता. पदर धरतात तसा मी तो धरला होता. शिवू नये म्हणून. एक पाऊल मागं, तेही आई सरायची तेवढंच. तिला आरशात बघावं तसं झालं, आणि तो आरसा पंचवीस माणसांपुढं लावलेला होता.

मी परत फिरले तेव्हा केराबाई लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत होती. सोजर तो चकचकीत पेला घेऊन तिथंच उभी होती.

निघताना वकिलांनी अप्पांच्या खांद्यावर हात ठेवला. "मास्तर, दिवाळीआधीचं तुमचं भाषण फार छान झालं होतं हं." अप्पांनी टांगासुद्धा केला नाही. घरापर्यंत ते आमच्या दहा पावलं पुढं चालत होते.

घरी आत्या वाटच बघत होती. आईनं काय घडलं ते सांगितलं, काही न लपवता. स्वतःच्या न प्यायलेल्या पेल्यासकट सांगितलं. अप्पा खुर्चीत बसून जोड्याची नाडी सोडत होते, ती सुटत नव्हती.

"म्हणजे सगळ्यांपुढं पोरीनं रीत पाळली," आत्या म्हणाली. "मग मी उगाच भीत होते. जाऊ दे की तिला. तिथं काही बिघडत नाही पोर."

आई पुढं म्हणायची, आत्याबाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जाणार नाही," अप्पा म्हणाले. "उद्यापासून बंद."

आई पहिल्यांदाच त्यांच्यासमोर आली. "पोरीचं काय चुकलं?"

"तिचं नाही. कोणत्या तोंडानं जाऊ मी तिथं? लोक म्हणणार, व्याख्यानं बाहेर आणि घरात हे."

"घरात हेच आहे."

"तू घालतेस तसं पाणी. मी कधी घातलंय?"

"तुम्ही कधी कुणालाच घातलं नाही," आई म्हणाली. "तुम्हाला मिळतं."

झोपाळा थांबला. आजोबांनी अडकित्ता बाजूला ठेवला. अप्पांनी नाडी तोडली आणि जोडा कोपऱ्यात सारला. "गोपाळ," आजोबा म्हणाले, "परवा आत्या म्हणत होती शाळा नको, तू म्हणत होतास हवी. आज उलट झालं. मला एवढंच कळेना की यात शाळा कुठं आली."

मी मधेच म्हणाले, "आज मी सांडलं नाही. दुर्गाताईंनी फडकंच दिलं नाही मला." आई उठून परसात गेली.

दुसऱ्या दिवशी अप्पांनी वाचनालयात चिठ्ठी पाठवली, घसा बसला आहे, व्याख्यान पुढं ढकलावं. घसा चांगला होता. आई मला घेऊन बालमंदिरात गेली. अप्पांनी बघितलं आणि पेपर तोंडापुढं धरला.

सोजर आली नव्हती. मंगळवारीही नाही. बुधवारी परसातली गवऱ्यांची रास संपली आणि केराबाई फिरकली नाही. दुपारी आई खिडकीशी उभी असताना दुर्गाताई बाहेर आल्या. आईला वाटलं आता ऐकून घ्यायचं. दुर्गाताई म्हणाल्या, "चार महिने मी तुमच्या रुक्मीला ओतायला शिकवतेय. रोज सांडते. त्या दिवशी एवढ्या उंचीवरून एक थेंब सांडला नाही. मला वाटत होतं मी चांगली शिकवते."

आईनं मान खाली घातली. "सोजर येणार नाही का?"

"मी दोनदा जाऊन आले. आजी म्हणते, पोरीला ताप आहे. ताप नाही. आज चार जण मला विचारून गेले, जागा रिकामी झाली का म्हणून."

गुरुवारी आत्या दत्ताच्या देवळात पुराणाला गेली. आईनं मला चपला घातल्या. आजोबा ओसरीवर होते. त्यांनी विचारलं नाही, पण म्हणाले, "ऊन आहे, डोक्यावरून पदर घे. मथुरेला सांगतो बाजारात गेलीस म्हणून."

"नको मामंजी. विचारलं तर कुठं गेले तेच सांगा."

"ते कुठं?"

"केराबाईकडं."

आजोबांनी पानाचा डबा उघडला, बंद केला. "बरं," म्हणाले. "सावकाश जा."

अप्पा त्या वेळी आतल्या खोलीत वह्या तपासत होते. आई दारात थांबली. "येता का?"

ते बराच वेळ लाल पेन्सिलीला टोक करत राहिले. "मला जमणार नाही, यशोदा," म्हणाले. लग्नानंतर त्यांनी तिला नावानं हाक मारलेली आईला आठवत नव्हती. ती म्हणायची, त्या एका वाक्याला मी त्यांच्यावरचा राग निम्मा सोडला.

मिलच्या भिंतीपलीकडं वस्ती होती. पत्र्याच्या आणि गवताच्या पंचवीस-तीस झोपड्या, मधे बाभळ. आम्हाला बघून बायका दारात आल्या. कोणी विचारलं, "कुणाकडं?" आईनं सांगितलं, तशी ती बाई आमच्यापुढं हाका मारत पळाली.

केराबाई बाहेर आली. हाताला शेण होतं. "बाई, तुमी? हितं?" तिनं इकडं तिकडं बघितलं. "कुटं बसवू तुमाला? गवऱ्या उद्या घालते की. आज जमलं न्हाय."

"गवऱ्यांसाठी आले नाही."

"मग?"

आईनं वाटेत चार वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आलं नाही. ती म्हणाली, "रुक्मीला कळत नाही, केराबाई. तिनं माझं बघितलं आणि केलं."

"पोर हाय ती. तिला काय बोल लावायचा."

"तिला नाही. मला लाव."

केराबाईनं हाताचं शेण निपटलं. मग म्हणाली, "बोल लावून मी जाऊ कुटं बाई? उद्या तुमच्याच दारात यायचंय." आवाजात राग नव्हता. "आमच्या सोजरीनं इचारलं, आजी, तू माझा पेला का घेतला न्हाईस? आता तुमीच सांगा तिला काय सांगू."

सोजर दाराआडून बघत होती. मला बघून ती हसली नाही.

"तिला पाठव," आई म्हणाली. "मी रोज घेऊन जाईन, रुक्मीबरोबर. हात धरून."

"तुमच्या मथुराबाई?"

"त्यांचं मी बघते."

"लई सोपं बोलता." केराबाईनं हात लुगड्याला पुसले. आई उन्हानं लाल झाली होती. ती म्हणाली, "केराबाई, मला पाणी दे."

"नगं बाई. उगाच. कुणीतरी तुमच्या घरी सांगंल, आन् माजं येणं बंद हुईल. त्यापरीस तहान बरी."

पण सोजर आत गेली होती. पाणी हा तिचा खेळ होता, सगळ्यांत आवडता. तांब्या घेऊन आली, पेला नव्हता. आमच्याकडं पाणी कसं देतात ते तिनं रविवारी माझ्याकडून बघितलं होतं. ती दाराशेजारच्या दगडावर चढली, डाव्या हातानं परकराचा घोळ धरला, तांब्या दोन्ही हातांत यावा म्हणून तो परत सोडला, आणि तांब्या कपाळापर्यंत उचलून थांबली.

"अगं ए, तसं न्हवं," केराबाई पुढं सरली.

आई वाकली. तिनं ओंजळ धरली.

सोजरच्या हाताला ती सवय नव्हती. धार एकदा मनगटावर पडली, एकदा गळ्यावर. पाणी आईच्या कोपरापर्यंत ओघळलं, चोळी भिजली, पायाशी चिखल झाला. आई ओंजळ हलवत धार पकडत राहिली आणि मिळेल तेवढं पीत राहिली. आजूबाजूच्या बायका बघत होत्या. कोणी हसलं नाही. तांब्या रिकामा झाला तेव्हा सोजर म्हणाली, "सांडलं," आणि घाबरून आजीकडं बघितलं.

"असू दे," आई म्हणाली. ती अजून वाकलेलीच होती. मला वाटतं तिला सरळ व्हायचं नव्हतं.

सोमवारपासून सोजर आमच्याबरोबर येऊ लागली. आत्यानं आईच्या हातचं जेवण सोडलं, ते तीन वर्षांनी पुन्हा सुरू झालं. अप्पांचं व्याख्यान कधी झालं नाही. पण एका सकाळी नव्या पेठेच्या कोपऱ्यावर त्यांनी सोजरचा दुसरा हात धरला, आणि वकिलांचा टांगा समोरून गेला तरी सोडला नाही.

केराबाईही परत आली. गवऱ्या रचून झाल्या की पूर्वी ती ओरडायची, "बाई, पानी घाला." आता ती ओरडत नसे. आई आपणहून पितळी पेला भरून परसात न्यायची आणि दोन्ही हातांनी पुढं धरायची. केराबाई पाटी डोक्यावर घ्यायची, पेल्याकडं बघायची आणि सांभाळून, आईला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणायची, "तान न्हाय बाई आज."

अकरा वर्षं ती आमच्याकडं आली. उन्हाळ्यातसुद्धा तिला तहान नसायची. आई तो भरलेला पेला घेऊन तुळशीपाशी उभी राहायची, केराबाई वळणाआड जाईपर्यंत.